मामफळ केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी? आकडा आला कुठून ते बघा

फॉरवर्ड ओळखीचा आहे: ‘कॅरिबियन बेटांवर मामफळाच्या, म्हणजे लक्ष्मणफळाच्या, पानांच्या काढ्यानं शतकानुशतकं कॅन्सर बरा करतात. केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी, साइड इफेक्ट शून्य. कंपन्यांनी दडपलंय.’

शतकानुशतकं कॅन्सरवर? जमैकात हा काढा घेतात तो जिवाची घालमेल थांबावी म्हणून, ग्वाडलूपमध्ये शांत झोप लागावी म्हणून. तापावर, जंतांवरही देतात. कॅन्सरची ख्याती तिथल्या आज्यांच्या नावावर इंटरनेटनं खपवली.

१०,००० चा आकडा मात्र खरा आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी मामफळाच्या बियांतून वेगळं केलेलं एक संयुग आतड्याच्या कॅन्सरपेशींवर अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधाच्या १०,००० पट तीव्र ठरलं. बियांतलं शुद्ध संयुग आणि काचपात्रातल्या पेशी, एवढंच. काचपात्रात पेशी ब्लीचनंही मरतात! या काढ्यानं माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचं दाखवणारी एकही भरवशाची चाचणी नाही.

कंपन्यांनी दडपलं म्हणावं, तर जमैकाचाच दाखला घ्या. तिथं मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा पीत. १९५० च्या दशकात ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच विनब्लास्टिन मिळालं, जे आजही केमोत वापरतात. दडपलं नाही, विकलं.

राहिला ‘साइड इफेक्ट शून्य’, आणि खरा धोका इथंच आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ग्वाडलूपच्या ८७ रुग्णांची पाहणी आली. सगळ्यांत पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, लक्षणं, पण नेहमीचा पार्किन्सन फक्त २२ जणांना. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या रोजच्या खाण्यापिण्यात मामफळ आणि त्याच्या पानांचा काढा होता. संशय आहे मामफळातल्या अ‍ॅनोनासिन या द्रव्यावर. ते पेशीची ऊर्जानिर्मितीच रोखतं. कॅन्सरची पेशी आणि मेंदूची पेशी असा भेद ते करत नाही. उंदरांच्या शिरेतून दिल्यावर त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या. माणसांत कार्यकारणसंबंध पक्का सिद्ध झालेला नाही, हेही सांगायला हवं. शिवाय कपभर काढ्यात ते साधारण ०.१४ मिलिग्रॅम असतं, तर एका फळात १५ मिलिग्रॅम. म्हणजे ‘रोज एक फळ खा’ हा सल्ला काढ्याहून वाईट.

हौसेनं कधीतरी फळ खाल्लं तर घाबरू नका. केमो, बीपी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील आणि काढाही घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.