अचानक कुणी बिथरत नाही, दाजी

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला. वर लाल अक्षरांत ‘प्रत्येक पालकाने वाचावे’, खाली जोडलेले हात. दुपारी तोच सोसायटीच्या ग्रुपवर, संध्याकाळी भिशीच्या. असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही. पण तो वाचून दाजींनी तिकडं तासगावात भाच्याला समोर बसवलं आणि ‘उद्यापासून घरात छडी’ असं जाहीर केलं, तेव्हा डोकं फिरलं.

मेसेजचं म्हणणं असं: मास्तरांच्या हातातली छडी गेली म्हणून पोरं शाळेत मारामाऱ्या करतात, कोयते काढतात. मोबाईलवरच्या गेमनी ती बिघडली. नोकरीवाल्या आयांना लक्ष द्यायला वेळ नाही. आणि अशी मुलं ‘अचानक बिथरतात, घरच्यांना आधी कळणे अशक्य’, हे म्हणे अमेरिकेतल्या संशोधनानं सिद्ध झालंय. म्हणून शाळेच्या दारात मेटल डिटेक्टर बसवा आणि निर्धास्त राहा.

म्हणजे आई घरात असली तरी कळणं अशक्य, आणि कळलं नाही तर दोष आईच्या नोकरीचा. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज तरी शेवटपर्यंत वाचला होता का?

आता ते संशोधन. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी सीक्रेट सर्व्हिस आणि तिथलं शिक्षण खातं यांनी मिळून 2002 मध्ये एक अहवाल काढला. 1974 ते 2000 या काळातले शाळांवरचे 37 हल्ले, ते करणारे 41 विद्यार्थी. त्यात निघालं ते मेसेजच्या बरोब्बर उलटं. हे हल्ले क्वचितच अचानक झाले होते, बहुतेकांनी आधी बेत आखला होता. 81 टक्के घटनांत निदान एकाला तरी त्या बेताची कुणकुण होती, बहुतेक वेळा मित्राला, वर्गातल्या कुणाला नाहीतर भावंडाला. 93 टक्के मुलांचं वागणं आधीच काळजी वाटावी असं होतं. साधारण दहातल्या सात जणांना आपल्याला छळलं जातंय, असं वाटत होतं. आणि बंदूक आली कुठून? 68 टक्के वेळा स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून. तिथं बंदूक, इथं कोयता, हा फरक आहेच. पण आपल्या ऊसपट्ट्यात कोयता कुणाच्या घरी नसतो?

मेसेजवाल्यांसाठी आणखी एक. यातली जवळपास दोनतृतीयांश मुलं आईवडील दोघंही असलेल्या घरांतली होती, आणि अभ्यासात चांगली असणारीही बरीच होती. ‘अशी मुलं’ म्हणून चेहऱ्यावरून ओळखता येतील असा साचा अहवाल लिहिणाऱ्यांना सापडला नाही. सापडलं ते काळजी वाटावी असं वागणं.

घरच्यांनी बघूनही न बघितल्याचं काय होतं, हे मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावात दिसलं. 30 नोव्हेंबर 2021 ला सकाळी एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं आणि रक्तबंबाळ माणसाचं चित्र शिक्षकांना सापडलं. आईवडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी पोराला घरी नेलं नाही, दप्तर उघडून बघितलं नाही, चारच दिवसांपूर्वी त्याच्यासाठी पिस्तूल घेतलंय हेही सांगितलं नाही. दुपारी त्यानं शाळेत गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी गेले. 2024 मध्ये त्या आईवडिलांना 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. ‘कळणे अशक्य’ हे ज्यूरीला पटलं नाही.

आता आपल्या घरातलं. जूनमध्ये ताईच्या लक्षात आलं, की भाच्याचा डबा पंधरा दिवस तसाच परत येतोय. पोळी वाळून कडक, भाजी तशीच. मग हा दप्तर कुणाला उचलू देईना. एका रात्री तो झोपल्यावर तिनं बाजूचा कप्पा उघडला. रुमालात गुंडाळलेलं कर्कटक, टोक दगडावर घासून धार लावलेलं. ती ओरडली नाही. सकाळी चहाचा कप पुढं ठेवून एवढंच विचारलं, ‘कुणाची भीती वाटते रे?’ अर्धा तास पोरगं रडत होतं. एसटी स्टँडवर दहावीतली तिघं रोज त्याचे पैसे काढून घेत होती, डबा खाऊ देत नव्हती. ती त्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटली. पुढचे आठ दिवस स्टँडवर स्वतः उभी राहिली, बँकेत उशिरा जाऊन. हो दाजी, तुमची नोकरीवाली बायको! तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही पट्टा काढला असता.

छडीचं म्हणाल तर आमच्या शाळेत रोज वेताची छडी नाचायची, तरी मैदानामागं सायकलच्या चेनीनं मारामाऱ्या व्हायच्याच. शिक्षण हक्क कायद्यानं, 2010 पासून, शाळेत मारायला बंदी आहे, कलम 17. आणि घरच्या माराचं काय होतं ते सांगलीकरांना सांगायला हवं? 2025 च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात चाचणीत गुण कमी पडले म्हणून बारावीतली पोरगी बापाच्या मारानं गेली. बाप स्वतः शिक्षक.

मोबाईलचा मुद्दा अर्धा खरा, मान्य. रात्री एक वाजता पोरगं काय बघतंय ते बघायलाच हवं. पण त्याच अहवालात हिंसक गेमची आवड आठातल्या एकालाच होती. त्याहून कितीतरी जास्त, 37 टक्के, मुलांची हिंसेची ओढ त्यांच्या स्वतःच्या लिखाणात होती, वह्यांत, कवितांत, निबंधांत. गेम डिलीट करणाऱ्यांनी पोराच्या वहीचं मागचं पान कधी बघितलंय?

मेटल डिटेक्टर? प्रत्येक पोराकडं कंपासपेटी असते, तीही पत्र्याची. प्रार्थना दुपारी सुरू होईल. घरच्यांना कुणाशी बोलावंसं वाटलं तर 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि 14416 (मानसिक आरोग्याची) हे फुकटचे नंबर आहेत, मेसेजमध्ये तेवढे मात्र नव्हते.

दाजी, मेसेज ग्रुपवरून काढा. आणि येताना पोरासाठी नवं कर्कटक आणा. जुनं ताईनं माझ्याकडं ठेवायला दिलंय, आणि त्याचा भूमितीचा पेपर सोमवारी आहे.