गुलमर्गला पहिल्यांदाच स्की शिकणार असाल, तर ताज्या पावडरमध्ये शिकू नका

थंडी सुरू झाली की काश्मीरला निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. थोडक्यात तो असा: "स्की शिकायची तर गुलमर्गला भरपूर बर्फ पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी जा. ताजा बर्फ कापसासारखा असतो, त्यात शिकणं सर्वांत सोपं. पडलं तरी लागत नाही. अंग मागे टाकून उभं राहायचं, स्की आपोआप तरंगतात. दोन दिवसांत गोंडोल्याच्या (केबल कारच्या) सेकंड फेजवरून खाली याल."

परवा हाच मेसेज माझ्या मावसबहिणीने पाठवला. तिची दोन्ही मुलं जानेवारीत जाणार आहेत. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते.

"शिकणं सर्वांत सोपं." नवशिक्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायची. काश्मिरी इन्स्ट्रक्टर याला 'पिझ्झा' म्हणतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फात स्कीच्या आतल्या कडा रुततात आणि वेग कमी होतो. गुडघाभर पावडरमध्ये, म्हणजे ताज्या, न दाबलेल्या भुसभुशीत बर्फात, स्की पृष्ठभागावर नसतेच, ती बर्फाच्या आत असते. तिथे पिझ्झा केला की दोन्ही स्की दोन दिशांना बर्फ कापत जातात, पाय फाकतात आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणजे शिकलेला एकुलता एक ब्रेकच हातचा जातो. पावडरमध्ये वळायचं तर दोन्ही स्की एकत्र ठेवून थोडा वेग धरावा लागतो, आणि पहिल्या दिवशी भीती वाटते ती नेमकी वेगाची. शिवाय नवशिक्यांना भाड्याने मिळते ती स्की मधोमध साधारण आठ सेंटीमीटर रुंद असते. पावडरची स्की दहा सेंटीमीटरच्या पुढे असते, म्हणून ती तरंगते.

"पडलं तरी लागत नाही." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. कडक बर्फावर मनगट आणि माकडहाड शेकून निघतं, पावडरमध्ये तसं होत नाही. पण गुडघ्याचं काय? जड बर्फात स्की अडकते, अंग वळत राहतं आणि हळू वेगात पडल्यामुळे बाइंडिंग (बूट स्कीला अडकवून ठेवणारा खटका) सुटतही नाही. सगळा पीळ गुडघ्यात जातो. त्यामुळे दुकानात बूट घालून पाहताना आपलं वजन, उंची, वय सांगा, अगदी नवशिके आहोत हेही सांगा आणि बाइंडिंग आपल्यासमोर त्यानुसार लावून घ्या. आधीच्या गिऱ्हाइकाचं सेटिंग तसंच राहिलेलं असू शकतं.

आणि पडल्यावर उठायचं कसं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. मी पहिल्यांदा पावडरमध्ये पडले तेव्हा हात टेकवला, तो खांद्यापर्यंत आत गेला. दुसरा टेकवला, तोही गेला. मग कळलं की दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) बर्फावर फुलीसारखे आडवे ठेवायचे आणि त्या फुलीवर तळवा दाबून उठायचं. तोवर एक स्की गायब झाली होती. मी खालच्या बाजूला उकरत बसले. इन्स्ट्रक्टर म्हणाला, "मॅडम, नीचे नहीं, ऊपर ढूंढिए." बाइंडिंग सुटलं की आपण घरंगळत खाली येतो आणि स्की वरच, बर्फाखाली राहते. पोलने वीतवीत अंतरावर टोचत आम्ही ती शोधली, त्यात जवळजवळ अर्धा तास गेला. घामाने आतले कपडे ओले झाले आणि थांबल्यावर अंगात हुडहुडी भरली. दहा वर्षांच्या मुलाचं यात काय होईल, याचा विचार करा.

"अंग मागे टाका." नका टाकू. पाचच मिनिटांत मांड्या पेटतात आणि स्की वळेनाशी होते. नडगी बुटाला टेकलेली, वजन तळपायाच्या मध्यावर आणि दोन्ही पायांवर सारखं, एवढं पुरे.

"दोन दिवसांत सेकंड फेज." या वाक्याचा मला खरा राग आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोल्याचा दुसरा टप्पा कोंगडोरी या मधल्या स्टेशनवरून अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो. मुंबईहून आलेल्याला तिथे चार पावलांत धाप लागते, आणि नवशिक्यांसाठी दाबून तयार केलेला सोपा उतार वर नाहीच. त्यात "बर्फ पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी"! हिमस्खलनाचा धोका सर्वांत जास्त असतो तो मोठ्या हिमवृष्टीनंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत, आणि साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन दगावला. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षणातले १७ जवान बर्फाखाली दगावले. ते तर डोंगरातच सराव करणारे होते. कापसासारखा वाटणारा तोच बर्फ कोसळून थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने मावळते. म्हणून वर जाणारे ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं बाळगतात, ते वापरायचा सराव करतात आणि स्की पॅट्रोलने उतार बंद ठेवला तर मुकाट्याने खाली राहतात.

बहिणीला मी सांगितलं की मुलांना चार दिवस खालच्या सौम्य उतारांवरच राहू दे. पिझ्झा, थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं एवढं जमू दे. त्यानंतर रात्री बर्फ पडलाच, तर त्याच ओळखीच्या उताराच्या कडेला, इन्स्ट्रक्टरसोबत, पोटरीएवढ्या पावडरमध्ये त्यांना उतरू दे. तिथे स्कीचा खरखराट एकदम थांबतो. पायाखाली काही टणक लागत नाही, गुडघ्यांवर बर्फाची भुकटी उडत राहते आणि आपला श्वास तेवढा ऐकू येतो.

ती म्हणाली, मग सुट्टी दोन दिवसांनी वाढवते.