प्रवेश रद्द करायचीही एक तारीख असते

बारावीचा निकाल लागला की ठाण्यात प्रवेशाच्या तारखा सगळ्यांना तोंडपाठ होतात. मेरिट लिस्ट कधी, सीईटीचा कॅप राउंड (सरकारी केंद्रीभूत प्रवेशाची फेरी) कधी, फी कधीपर्यंत भरायची, शेअर रिक्षाच्या रांगेतही दुसरा विषय नसतो. पण घेतलेला प्रवेश रद्द कधीपर्यंत करता येतो, हे विचारा. चार सुशिक्षित माणसं एकमेकांकडे बघतील.

मी कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मुलं ही तारीख चुकवतात ती नियम माहीत नसतो म्हणून कमी, आणि घरी बोलायची हिंमत होत नाही म्हणून जास्त.

दरवर्षी तेच. जुलै-ऑगस्टात मुलाला कळलेलं असतं की हे आपल्याला जमणार नाही. कुणाला बळंच इंजिनिअरिंगला घातलेलं असतं, कुणी मित्र गेले म्हणून बीएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीला, आलेला असतो. घरी सांगायची सोय नसते, कारण बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरलेली असते आणि आजीने वाडीभर पेढे वाटलेले असतात. मग सकाळचा डबा घेऊन निघायचं, ट्रान्स हार्बर लोकलने वाशी-नेरूळकडे जायचं आणि कॉलेजात न शिरता संध्याकाळी परत यायचं. नाहीतर इथेच ठाण्यातल्या तलावपाळीवर बसायचं. डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागते तेव्हा आईला फोन जातो. ती खिडकीशी येऊन म्हणते, 'मॅडम, काहीतरी करा ना, निदान अर्धी फी तरी.' तोवर दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली असते आणि मॅडमच्या हातात काही उरलेलं नसतं.

आता नियमाचं बोलते, कारण आकड्यांवाचून ही चर्चा नुसती हळहळ होते. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018 ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर 100 टक्के फी परत. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर 5 टक्के, तेही 5000 रुपयांच्या आतच कापता येतं. शेवटच्या तारखेला 15 दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर 90 टक्के. तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत 50. पुढे शून्य. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत मिळते. अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे, मूळ गुणपत्रिका आणि एलसी (सोडल्याचा दाखला) अडकवून ठेवायची नाही, संपूर्ण कोर्सची फी एकदम आगाऊ घ्यायची नाही, हेही त्यातच आहे. शिवाय काही वर्षी वेगळी सवलत निघते. 2024-25 ला 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत होती आणि 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर 1000 रुपये कापायचे होते. त्यामुळे त्या त्या वर्षाचं पत्रक काढून बघायलाच हवं.

यात पालक हमखास एका जागी अडखळतात. ते दिवस मोजतात आपण फी भरली तिथून, किंवा लेक्चर सुरू झाली तिथून. मोजणी असते प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेपासून. आणि नुसतं तोंडी सांगून, सरांना मेसेज टाकून काहीही रद्द होत नाही. अर्ज लेखी द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. क्लार्क 'उद्या या' म्हणाला तर ईमेल करायचा, म्हणजे तारीख नोंदली जाते. (हे मी क्लार्क असून सांगतेय, आमच्या जमातीतले काही जण रागावतील.) प्रवेश सीईटी सेलच्या कॅपमधून असेल तर रद्दचा अर्ज पोर्टलवर आपल्या लॉगिनमधून भरावा लागतो. तिथे घाई नको. दुसरीकडची जागा पक्की झाल्याशिवाय ते बटण दाबू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा अर्ज केला असेल तर तोही जुन्या कॉलेजकडून रद्द करून घ्या. आणि कॉलेज दाद देत नसेल तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते.

तारीख गेल्यावर काय? इथे माझं आणि बऱ्याच पालकांचं पटत नाही. ते म्हणतात, 'एवढे पैसे भरलेत, आता निदान वर्ष तरी पुरं कर.' अहो, पैसे गेलेत. पोरगं वर्गात बसलं तरी गेलेत आणि नाही बसलं तरी गेलेत. हॉटेलात मागवलेलं बिघडलेलं निघालं तर बिल भरायचंय म्हणून कुणी ते संपवत नाही. वर्ष पुरं करावं की नाही, हे दुसऱ्या हिशेबाने ठरवावं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर ठरावीक क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) आणि जादाचा एक छोटा कोर्स पुरा करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. मुलगा पास होतोय, फक्त विषय आवडत नाही, तर दुसरं सेमिस्टर काढणं शहाणपणाचं. पण तो रात्र रात्र जागा राहतोय, जेवत नाहीये, बोलायचा बंद झालाय, तर क्रेडिट गेले खड्ड्यात. त्याला घरी आणा, डॉक्टरकडे न्या.

सगळ्यात वाईट म्हणजे काहीच न कळवता जायचं बंद करणं. नाव पटावर राहतं, पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रवेश घेताना एलसी लागते, मग जुन्या खिडकीवर येऊन थकबाकीपासून सगळं निस्तरावं लागतं. तारीख गेली असली तरी रद्दचा अर्ज द्याच. पैशांसाठी नाही, कागदासाठी.

कॉलेजची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. विनाअनुदानित कोर्सचे पगार फीमधून होतात आणि मध्येच रिकामी झालेली जागा सहसा पुढची वर्षंही तशीच राहते. म्हणून टक्केवारी उतरत जाते, हे मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच, की माहितीपत्रकात प्रवेशाची तारीख ठळक छापायची आणि रद्द करायचा तक्ता वेबसाइटच्या कुठल्यातरी पीडीएफमध्ये लोटायचा. प्रवेशाच्या पावतीमागेच तो छापा ना. एकदा मीटिंगमध्ये मी हे सुचवलं तर उत्तर आलं, 'मॅडम, मग पोरं पटापट सोडून जातील.' जाऊ देत की! सुरुवातीलाच गेलेल्या मुलाची जागा वेटिंग लिस्टमधल्या कुणाला तरी देता येते आणि तुमची फीही बुडत नाही. नोव्हेंबरात गेलेल्याची जागा घ्यायला कोण येणार आहे?