पेट्रोल गाडीत घाला, मिरचीवर नको

गेल्या शनिवारी संध्याकाळी बेळगावच्या शहापुरात अक्काकडं गेले. दारातच नाकात वास शिरला. वाटलं, दाजींची जुनी स्कूटर गळायला लागली. आत बघते तर जेवणाच्या टेबलावर श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात बोटभर पेट्रोल, आणि सातवीतली भाची त्यात कापसाचा बोळा बुडवून ड्रॉइंग शीटवरची लाल मिरची घासत बसलेली. दिवेलागण झालेली. चार पावलांवर देवघरात निरांजन जळत होतं.

"मावशी, ब्लेंडिंग करायलोय, रंग मिसळायलोय," ती म्हणाली.

डबा उचलून परसात नेला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मगच तोंड उघडलं. अक्कानं शांतपणे मोबाइल पुढं केला. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज, तोच पुन्हा पालकांच्या ग्रुपवर, तोच नणंदेकडून. तुमच्याकडंही आला असेल. "रंगीत पेन्सिलींचं गुपित, जे कंपन्या सांगत नाहीत! १० मिनिटांत फोटोसारखं चित्र. एलिमेंटरीला ए ग्रेड पक्की." खाली सात कलमं: पहिल्यापासून दाबून रंगवा, सावलीला काळी पेन्सिल वापरा, पेट्रोलच्या बोळ्यानं घासा, नसेल तर रॉकेल, कागद जितका चकचकीत तितका चांगला, परदेशी पेन्सिल असेल तरच रंग मिसळतात, पांढरी पेन्सिल फेकून द्या, आणि शेवटी बोटानं चोळा.

आता मी काही चित्रकार नव्हे. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी ज्या गावात रवी परांजप्यांसारखा नावाजलेला चित्रकार शिष्य घडवला, त्या गावात स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही. चाळिशीत, ऑफिस सांभाळून, तीन वर्षांपूर्वी पेन्सिली हातात घेतल्या, एवढंच. पण या सातातल्या चार चुका मी स्वतः करून बसलेय, त्यामुळं बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी पेट्रोल. बाकीचं चुकलं तर कागद वाया जातो, हे चुकलं तर घर जळतं.

यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. रंगीत पेन्सिलीच्या कांडीत रंगाची पूड असते, चिकणमातीसारखा भराव असतो आणि हे सगळं बांधून ठेवायला मेण किंवा तेल असतं. मेण विरघळवणारं द्रव लावलं की रंगाचे कण मोकळे होऊन कागदाच्या खाचांत पसरतात, पेन्सिलीच्या रेघा दिसेनाशा होतात. मोठमोठे कलाकार हे करतात. पण ते वापरतात वास काढलेलं मिनरल स्पिरिट, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, तेही ब्रशच्या टोकाला जेमतेम ओल लागेल इतकंच, जाड कागदावर, तीनचार थर चढवून झाल्यावर आणि खिडकी उघडी ठेवून. कुणीतरी हे कुठंतरी बघितलं, 'स्पिरिट' म्हणजे पेट्रोलच असणार असं ठरवलं, आणि दिलं ढकलून.

पेट्रोलचं काय होतं ते नीट सांगते, कारण अक्काचं पहिलं वाक्य होतं, "थोडंसंच तर होतं की गं." उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ सुटते. आपल्या बेळगावच्या थंडीचा तिथं काय पाड लागतो? ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, टेबलावरून खाली उतरते आणि फरशीवरून पसरते. ज्योतीला डब्यापर्यंत यावं लागत नाही, वाफच ज्योतीपर्यंत जाते. बोटभर पेट्रोल 'थोडंसं' नसतं.

दुसरं, पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे मर्यादा घातली तरी ते उरतंच. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिनं बेंझिन पहिल्या गटात टाकलंय. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, 'संशय आहे' असं नव्हे. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. एका संध्याकाळीत काही झालं नसतं हे मलाही कळतं. पण मेसेजमध्ये 'रोज सराव करा' असंही लिहिलंय, आणि पोरगी कागदावर नाक टेकवून बसते.

तिसरी गोष्ट मेसेजनं सांगितली नव्हती, ती दाजींनी स्वतःच्या डोक्यानं केली. टाकीत नळी घालून तोंडानं ओढलं. लहानपणी सगळ्यांनी बघितलेला प्रकार. घोट पोटात गेला तर एक वेळ निभावतं, पण थेंबभर जरी श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. रॉकेलचंही तेच. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल पोरं पाणी समजून पितात, आणि घरातली मोठी माणसं घाबरून मीठपाणी पाजून उलटी करायला लावतात. उलटी करायला लावायची नाही, उलटी होताना तेच पुन्हा फुप्फुसात जातं. सरळ दवाखाना गाठायचा. शेजारच्या कन्नड काकू रॉकेलला 'चिमणी एण्णी' म्हणतात, त्यांच्या मोरीत अजून एक बाटली आहे. त्यांनाही हे जाऊन सांगून आले.

चित्रापुरतं बोलायचं तर रॉकेल पटकन उडूनच जात नाही. कागदावर भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग राहतो, त्यावर पुढची पेन्सिल धरत नाही. पेट्रोलनं तर भाचीची मिरची देठापासून शेपटापर्यंत एकसारखी चिखल झाली होती आणि भोवती पिवळट कडं उमटलं होतं.

आता दाबून रंगवण्याचं. याला मी सगळ्यात मोठं खोटं म्हणेन, कारण नवशिक्याला ते लगेच पटतं. दाबलं की रंग भडक येतो, घरचे "वा!" म्हणतात. ड्रॉइंग शीट उजेडाला तिरपी धरून बघा, खरखर दिसेल. बारीक उंचवटे आणि खाचा. पेन्सिलीचा रंग या खाचांत बसतो. पहिल्याच हाताला जोरात दाबलं की खाचा मेणानं बुजतात, उंचवटे चेपतात, आणि दुसरा रंग घेऊन गेलात की तो साबणावरून घसरल्यासारखा घसरतो. मग मिसळणार कशात काय?

थर चढवणं म्हणजे एवढंच, की त्या खाचा शेवटपर्यंत थोड्या मोकळ्या ठेवायच्या. पेन्सिल टोकाजवळ धरू नका, मागं धरा, जोर आपोआप कमी होतो. दहापैकी दोन इतकाच दाब. टोक मात्र अणकुचीदार हवं, बोथट टोक उंचवट्यांवरूनच फिरतं आणि खाचांत पांढरे ठिपके राहतात. नुसत्या आडव्या रेघा ओढू नका, बारीक बारीक गोल फिरवत जा, आणि पुढचा थर वेगळ्या दिशेनं द्या.

त्याच टेबलावर भाचीला बसवून दुसरी मिरची करून दाखवली. अक्काच्या डब्यातली संकेश्वरी, लांब, सुरकुतलेली, वाळून लालकाळी झालेली. आधी जिथं चमक आहे तो पट्टा कोरा सोडला. बाकी सगळ्यावर पिवळा, इतका हलका की भाची म्हणाली, "दिसतंय कुठं?" त्यावर नारिंगी, चमकेच्या कडेला पातळ करत आणलेला. मग लाल, दोनदा. इथपर्यंत ती मिरची नुसती खेळण्यातली दिसत होती. मग सुरकुत्यांच्या घळीत गडद हिरवा.

"मावशी, हिरवा? लाल मिरचीत?"

हेच काळ्या पेन्सिलीच्या कलमाचं उत्तर. लालावर हिरवा चढला की दोघं एकमेकांना मारतात आणि खोल, तपकिरी लाल तयार होतो. ती सावली मिरचीचीच वाटते. काळा फिरवला असता तर मिरचीला काजळी लागल्यासारखं झालं असतं. पिवळ्या वस्तूच्या सावलीला जांभळा, नारिंगीच्या सावलीला निळा, हाच हिशोब. काळी पेन्सिल वाईट नाही, अगदी शेवटी एखाद्या ठिकाणी टेकवायला ठेवा. हिरव्यावर पुन्हा लाल दिला, आणि मग मेसेजनं फेकून द्यायला सांगितलेली पांढरी पेन्सिल काढली. चमकेच्या कडेला, जिथं नारिंगी कोऱ्या कागदाला मिळतो, तिथं ती जोरात फिरवली. आता दाबायचं, कारण आता खाचा बुजवायच्याच आहेत. रेघा गेल्या, नारिंगी हळूहळू उजळत गेला. ब्लेंडर म्हणून बिनरंगाची मेणाची कांडीही मिळते, पण डब्यात पांढरी पडलेली असताना ती कशाला घ्यायची?

तास लागला. दहा मिनिटं नव्हे.

दाबण्याबद्दल आणखी एक. भाचीनं मागच्या महिन्यात याच पद्धतीनं एक जास्वंद केली होती. आठवड्यानं तिच्यावर पांढुरकं आलं. अक्कानं ठरवलं की बुरशी आहे. बेळगावचा पाऊस, इथं चपलांना, पट्ट्यांना, कपाटातल्या साड्यांनासुद्धा बुरशी येते, त्यामुळं तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ते मेण होतं. जाड थर दिला की पेन्सिलीतलं मेण हळूहळू वर येऊन धुक्यासारखं बसतं. मऊ कापडानं अलगद पुसलं, जास्वंद पुन्हा लाल. थर पातळ असले की हे फारसं होत नाही.

परदेशी पेन्सिलींचं मात्र थोडं कबूल करावं लागेल, नाइलाजानं. महाग पेन्सिलीत रंगाची पूड जास्त आणि भराव कमी असतो, कांडी मऊ असते, त्यामुळं कमी कष्टात जास्त रंग येतो. जर्मनीच्या फाबर-कास्टेलची तेलाची १२० रंगांची मालिका मी एकदा एका ओळखीच्यांकडं हाताळली, आणि घरी येऊन माझ्या पेन्सिली दोन दिवस नको वाटल्या. पण 'असेल तरच'? ही मिरची खडेबाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या २४ रंगांच्या साध्या देशी डब्यातून झाली. शाळकरी पेन्सिलीनं थर थोडे जास्त द्यावे लागतात आणि रंग जरा फिका राहतो, बस्स. ज्या पोरीनं अजून पिवळ्यावर लाल चढवून बघितलेला नाही, तिच्यासाठी हजारोंचा डबा आणणं म्हणजे पोहायला शिकायच्या आधी होडी घेणं. तेच पैसे कागदावर घाला. वहीचा कागद ६०-७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), तिसऱ्या थरालाच माना टाकतो. १५० च्या पुढची ड्रॉइंग शीट घ्या.

आणि चकचकीत कागदाचं कलम लिहिणाऱ्यानं स्वतः कधी त्यावर पेन्सिल फिरवली असेल असं वाटत नाही. लग्नपत्रिकेच्या मागं रंगवून बघा, रंग लागतच नाही. बारीक काम करणारे गुळगुळीत कागद घेतात हे खरं, पण गुळगुळीत वेगळा आणि वर लेप दिलेला चकचकीत वेगळा.

बोटानं चोळायचं तर खडूला चोळा. मेणाचा रंग बोटानं हलत नाही, बोटाचं तेल तेवढं कागदाला लागतं.

राहता राहिली ए ग्रेड. एलिमेंटरी ही महाराष्ट्राची चित्रकलेची परीक्षा. आम्ही कर्नाटकात, आमच्या पोरी इथल्या ड्रॉइंगच्या लोअर ग्रेड परीक्षेला बसतात, मग हायर. ज्या ग्रुपवर एकही पोर एलिमेंटरीला बसणारं नाही, त्या ग्रुपवर चाळीस जणांनी या मेसेजला हात जोडले होते.

हे सगळं मी अक्काला लिहून पाठवलं. तिचं उत्तर, "एवढं कोण वाचतंय गं, थोडक्यात पाठव की." दाजींनी मात्र नळी टाकून दिली म्हणे. काल भाचीनं तिसऱ्या मिरचीचा फोटो पाठवला. सुरकुत्यांत हिरवा बरोबर उतरलाय. देठ अजून दाबूनच रंगवलंय.