पट्टा मारला की झाला सायकल ट्रॅक?

आज शाळा सुटायच्या वेळेला आमच्या शहरातल्या नव्याकोऱ्या सायकल ट्रॅकवर आठवी-नववीतली एक मुलगी पडली. ट्रॅक हिरवागार, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र, आणि चित्राच्या पुढे चार हातांवर गटारीची लोखंडी जाळी. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर. पुढचं चाक फटीत गेलं, सायकल जागच्या जागी थांबली आणि पोरगी हँडलवरून पुढे फेकली गेली. केळीच्या हातगाडीवरची मावशी धावली, "तुले लागनं का वं?" गुडघा सोलवटला होता, पण पोर रडत होती ती रिम वाकली म्हणून. घरी काय सांगू, एवढंच तिचं चाललेलं.

जाळीच्या पट्ट्या आडव्या हव्यात, चाकाच्या दिशेला काटकोनात. साध्या सायकलचं टायर जेमतेम दीड इंच रुंद. फट त्याहून मोठी आणि तीही चाकाच्याच दिशेने असली, तर चाक आत जाणारच. जाळी चौकोनी असेल तर उचलून नव्वद अंशात फिरवून ठेवा, खर्च शून्य. लांबट असेल तर वरून दर चार इंचांवर आडवी पट्टी वेल्ड करा. वेल्डरचं अर्ध्या तासाचं काम! आणि मुळातच पाणी कर्बच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या उभ्या काठाच्या, पोटातल्या तोंडातून गटारीत घेतलं, तर चाकाखाली जाळी येतच नाही. हे न कळण्यासारखं काय आहे? ज्याने हा ट्रॅक पास केला तो त्यावरून एकदा तरी सायकल घेऊन गेला असेल का? चारचाकीच्या काचेतून जाळी दिसत नाही, रंग तेवढा दिसतो.

त्या रंगाचंही तेच. डांबरावर गुळगुळीत पेंट फासला की पहिल्या पावसात त्यावर धूळ आणि गाड्यांचं तेल मिळून साबण होतो. रंगात खरखरीत खडी-वाळू मिसळावी लागते, निदान वळणावर आणि चौकात तरी. नेदरलँड्समधले लाल ट्रॅक बहुतेक वरून रंगवलेले नसतात, डांबरातच लाल रंग आणि खडी घातलेली असते. म्हणून तो झिजला तरी लालच राहतो.

दुसरी हौस पेव्हर ब्लॉकची. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती खणून काढून चांगला मुरूम-खडीचा थर दाबून भरला नाही, तर ब्लॉक दोन पावसाळ्यांत खालीवर होतात. कडेला कर्ब पक्का नसेल तर बाहेर सरकतात, आणि मग सायकलवाला ट्रॅक सोडून पुन्हा रस्त्यावर. वर आपणच म्हणायचं, "बघा, ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत!"

रुंदी. एका सायकलस्वाराला डुलण्यासकट एक मीटर लागतो. मागच्याला पुढे जायचं असेल तर दोन मीटर. दुधाच्या कॅनवाला असेल तर जास्तच. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल ट्रॅकची संहिता, आयआरसी ११, पहिल्यांदा १९६२ साली आली. म्हणजे आपल्याला माहिती नव्हती असं म्हणायची सोय नाही. तरी आपण सव्वा मीटरचा पट्टा मारतो, तोही लावलेल्या गाड्यांना खेटून. गाडीचा दरवाजा उघडला की मीटरभर बाहेर येतो. मग उरलं काय?

रस्ते अरुंद आहेत, मान्य. सायकलवाले उलट्या बाजूने येतात, तेही मान्य. पण दुभाजकाला पुढचं तोंड अर्ध्या किलोमीटरवर ठेवलं, तर एमआयडीसीतून पाळी संपवून निघालेला चटई कारखान्यातला कामगार आणखी किलोमीटरभर पाय मारणार आहे का?

आणि चौक! सायकलवाल्याला धोका सगळ्यात जास्त चौकात, आणि आपला ट्रॅक नेमका चौकाच्या अलीकडे संपतो. ट्रक किंवा एसटी डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. डावीकडे थांबलेला सायकलवाला ड्रायव्हरला दिसतही नाही. म्हणून कोपरा जास्त गोल करायचा नसतो, कोपरा आखूड असला की गाडी आपोआप हळू वळते. सायकलची थांबरेषा गाड्यांच्या रेषेच्या चार-पाच मीटर पुढे हवी, म्हणजे ती ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर येते. आणि जिथे गल्ली येऊन मिळते, तिथे ट्रॅक खाली उतरवायचा नाही. ट्रॅक त्याच उंचीवर सरळ न्यायचा आणि गाडीने चढून-उतरून जायचं.

जळगावात तर महामार्गच शहरातून गेलाय. जुना सहा, आताचा ५३. समांतर रस्त्यांसाठी लोक वर्षानुवर्षे ओरडले. तिथे पट्टा चालणार नाही, ट्रॅक आणि गाड्यांच्या मध्ये काँक्रीटचा कठडाच हवा.

"हे काय हॉलंड आहे का" म्हणणाऱ्यांसाठी. १९७१ साली तिथे रस्त्यावर चारशेहून जास्त मुलं मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे ट्रॅक मिळाले. पोटातून कुणी सायकल शिकून आलं नव्हतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. चांगली योजना आहे, मनापासून. अशा किती पोरी त्या सायकलमुळे बारावीपर्यंत पोचल्या असतील. आजच्या मुलीची सायकल योजनेतली की बापाने हप्त्याने घेतलेली, ते विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने रिम ठोकून तात्पुरती सरळ करून दिली, पैसे घेतले नाहीत.

कमेंटमध्ये हेल्मेटचं लिहू नका. घाला, चांगलंच आहे, पण हेल्मेटने ट्रकचं मागचं चाक अडत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे चारचाकी आहे, म्हणजे जवळपास सगळ्यांनीच, एक करा. गाडी लावल्यावर उजवीकडचा दरवाजा डाव्या हाताने उघडा. हात आडवा न्यायला अंग वळतं आणि नजर आपसूक मागे जाते. मागच्या सीटवरच्या पोरांना डाव्याच बाजूने उतरवा, पण दरवाजा उघडण्याआधी तिकडूनही मागे बघायला शिकवा. ट्रॅक त्याच बाजूला आहे.