जिम्नॅस्टिक्सचा क्लब ठरवायच्या आधी एक तास बाकावर बसा

'मुलीला जिम्नॅस्टिक्सला घालायचंय, कुठला क्लब चांगला?' माझी मुलगी बरीच वर्षं शिकतेय, त्यामुळे ओळखीतले आईबाबा मला हे वरचेवर विचारतात. त्याच्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, 'तिथली किती मुलं वरच्या स्पर्धांना गेली?' या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच आज सविस्तर लिहायचंय, कारण क्लब निवडताना तो सगळ्यात शेवटी विचारावा असं माझं ठाम मत आहे.

क्लबच्या भिंतीवरच्या फोटोंमध्ये टिकलेली मुलं असतात. मनगट दुखावून, घाबरून किंवा रोजच्या बोलण्यांना कंटाळून जी सोडून गेली, त्यांचे फोटो कुठेच लागत नाहीत. आणि आपल्या मुलाच्या वाट्याला काय येणार, हे कळायला त्या गेलेल्या मुलांची गोष्ट जास्त उपयोगी असते.

म्हणून मी सांगते, एका साध्या दिवशी जा. प्रात्यक्षिकांच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी नको. बाकावर तासभर बसा आणि एवढंच बघा, की एखादं मूल 'मला भीती वाटतेय' किंवा 'इथे दुखतंय' म्हणालं, तर कोच काय करतात. थांबतात का? एक पायरी खाली येऊन सोप्या प्रकारापासून पुन्हा सुरू करतात का? की 'नाटकं करू नकोस' म्हणून सगळ्यांसमोर पुन्हा उडी मारायला लावतात? माझ्या लेखी निवड इथेच होते.

भीतीला इतकं महत्त्व का, असं कुणी विचारेल. कारण या खेळात शरीर हवेत उलटं होतं, आणि आपण नेमके कुठे आहोत हे मेंदूला त्या अर्ध्या सेकंदात कळावं लागतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली सिमोन बाइल्सला हवेत गिरक्या घेताना दिशेचं भानच राहीना, म्हणून तिने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. जगातली सर्वोत्तम जिम्नॅस्ट जगासमोर थांबली. पुढे 2024 ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं जिंकली. तिला जर थांबायची मुभा असेल, तर सात वर्षांच्या पोरीला बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या उंच, अरुंद पट्टीवर, 'आज नको' म्हणता आलंच पाहिजे.

थांबू न देण्याची किंमतही या खेळाने बघितली आहे. सोव्हिएत जिम्नॅस्ट एलेना मुखिना 1978 ची विश्वविजेती. पुढच्याच वर्षी तिचा पाय मोडला. तो धड बरा होण्याआधी तिला पुन्हा सरावात उतरवलं, आणि मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, जुलै 1980 मध्ये, एका अतिशय अवघड उडीचा सराव करताना ती मानेवर पडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यानंतर ती कधीच चालू शकली नाही. ही उडी धोकादायक आहे, असं ती आधीपासून सांगत होती.

आपली मुलं एवढ्या उंचीवर जाणार नसतील, पण सवय खालच्या वर्गातच लागते. दुखणं लपवायचं की सांगायचं, हे मूल पहिल्या वर्षातच शिकतं.

बाकावर बसलाच आहात तर आणखी काही गोष्टी दिसतील. नव्या मुलांना सगळ्यात आधी पडायला शिकवतात का, हे बघा. गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उतरणं, मागे तोल गेला तर हात मागे न टेकता गोल होऊन लोळणं, हे नीट घोटून घेणारा कोच मला पहिल्याच दिवशी आवडतो. स्पर्धेचा बीम जमिनीपासून 125 सेंटिमीटर उंच आणि फक्त 10 सेंटिमीटर रुंद असतो. चांगल्या क्लबात मूल आधी जमिनीवरच्या रेषेवर चालतं, मग जमिनीलगतच्या बीमवर, आणि बऱ्याच काळाने उंचावर. पहिल्याच महिन्यात उंच बीमवरचा व्हिडिओ पालकांना पाठवणारे क्लब आहेत. व्हिडिओ बघून छान वाटतं, पण मी तिथे मूल पाठवणार नाही.

कोलांटी नीट येण्याआधी बॅकफ्लिप, म्हणजे मागे उलटी उडी, सुरू केली, तर तेही तसंच. सपोर्ट देणाऱ्या कोचचा हात कुठे आहे, लक्ष कुठे आहे, हे बघा. एका बाजूला मूल उडी मारतंय आणि कोच दुसऱ्या बाजूला गप्पा मारतायत, हे दृश्य पुरेसं बोलकं असतं. गाद्यांच्या मध्ये फटी नकोत. अशा फटीत पाऊल अडकून घोटा जातो.

स्ट्रेचिंगकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पूर्ण पसरून, बसलेल्या मुलाच्या खांद्यावर किंवा मांडीवर मोठ्या माणसाने आपलं वजन टाकून दाबणं, आणि मूल रडत असताना आकडे मोजणं, याला अजूनही 'असंच असतं' म्हणून चालवून घेतलं जातं. असं नसतं. लवचिकता महिनोन्‌महिने हळूहळू येते. स्नायूंना ताण जाणवणं वेगळं आणि डोळ्यांतून पाणी येणं वेगळं. मुलगी लहान असताना एका क्लबमध्ये मी हे बघितलं आणि प्रवेश न घेताच परत आले. क्लब नावाजलेला होता, त्यामुळे लोकांना माझा निर्णय टोकाचा वाटला. मला आजही तो बरोबरच वाटतो.

दुसरी गोष्ट वजनाची. कोच मुलीच्या पोटाबद्दल, मांड्यांबद्दल बोलत असतील, तर तिथून निघा. अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक हिला एका परीक्षकाने वजन कमी करायला सांगितलं होतं. खाण्याच्या आजाराने ती 1994 साली गेली, अवघ्या 22 व्या वर्षी. वाढत्या वयाच्या मुलीच्या डोक्यात असलं एक वाक्य किती वर्षं राहतं, हे आपण बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता बंद दाराबद्दल. 'पालक बसले की मुलांचं लक्ष विचलित होतं' असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे. आईकडे बघत राहणारं मूल बीमवर तोल घालवतं, हे मीही बघितलंय. पण मग काच लावा, गॅलरी ठेवा, ठरावीक दिवस द्या. कधीच बघायचं नाही, हा नियम मला मान्य नाही.

अर्थात नुसतं बघण्याने सगळं सांभाळलं जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण करत होता, आणि काही वेळा तर आई किंवा वडील त्याच खोलीत असताना. काही मुलींनी मोठ्यांना सांगितलंही होतं, त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. 2018 मध्ये दीडशेहून जास्त जणी न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्सची स्वतंत्र चौकशी झाली, तिचा अहवाल 2022 साली आला. त्यात दुखापतीवर सराव करायला लावणं, वजनावरून अपमान, पाणी किंवा शौचालयाला जायची परवानगी नाकारणं, असे प्रकार नोंदवलेले आहेत. त्यामुळे क्लबमध्ये सरळ विचारा: तक्रार असेल तर कोचशिवाय कुणाशी बोलायचं? मुलाबरोबर एकटं कोण असतं? कोच मुलांना परस्पर मेसेज करतात का? चांगल्या क्लबला या प्रश्नांचा राग येत नाही, उत्तरं तयार असतात.

तासांचं थोडक्यात सांगते. मुलाचं जितकं वय, आठवड्याला जास्तीत जास्त तितके तास, हा क्रीडावैद्यकातला ढोबळ अंदाज मला पटतो, आणि आठवड्यातून एक तरी दिवस पूर्ण सुट्टी. मनगटाजवळ हाड जिथून वाढतं त्या भागावर सतत भार आला की तिथे इजा होते, म्हणून मनगटाचं रेंगाळणारं दुखणं डॉक्टरांना दाखवायचंच. 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं म्हणून घाई करणाऱ्यांना सांगा, वरिष्ठ महिला गटात 1997 पासून किमान वयच 16 आहे, आणि उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोव्हितिना चाळिशी उलटल्यावरही ऑलिंपिक खेळली आहे.

फी, अंतर, बॅचची वेळ हे तुमचं तुम्ही बघालच. एका कोचमागे किती मुलं आहेत तेवढं मात्र मोजा. रांगेत उभं राहण्यातच तास गेला तर मूल काहीच शिकत नाही.

आमचा सध्याचा क्लब छोटा आहे. फोम पिट, म्हणजे फोमच्या तुकड्यांनी भरलेला मऊ खड्डा, नाही, पदकंही मोजकीच. मध्यंतरी मुलीने हँडस्प्रिंग (हातांवर उलटून पुन्हा पायांवर उतरणं) करायला नकार दिला, तेव्हा तिच्या कोच मॅडमनी तिला बरेच आठवडे फक्त हँडस्टँड (हातांवर उभं राहणं) आणि ब्रिज (पाठीची कमान) करायला दिले आणि घरी आम्हाला सांगितलं, 'तिला विचारू नका कधी करणार म्हणून.' आम्ही विचारलं नाही. एक दिवस तिने आपणहून मॅडमना हाक मारली, 'सपोर्टला याल का?'