रेचेलला सगळं कळत होतं

काल रात्री वहिनीचा फोन आला. पुतणीच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण जरा नजरेखालून घाल म्हणाली. पहिलीच ओळ व्हॉट्सॲपवर फिरणारी ती: ‘मी हजार गुलामांना सोडवलं. आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं, तर आणखी हजार सोडवले असते.’ खाली नाव हॅरिएट टबमनचं, म्हणजे अमेरिकेत गुलामगिरीतून स्वतः पळून मग परत जाऊन इतरांना सोडवून आणणाऱ्या बाईचं. पोरीनं पाठसुद्धा केलंय, म्हणून हे लिहायला बसले.

हे वाक्य हॅरिएटचं नाही. ती १९१३ साली वारली. तिच्या हयातीतल्या मुलाखती, पत्रं, भाषणांची वृत्तं, कशातही ते नाही. तिचं चरित्र जुन्या कागदपत्रांतून नव्यानं उभं करणाऱ्या केट क्लिफर्ड लार्सन यांनी ते बनावट असल्याचं स्पष्ट सांगितलंय.

नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे वाक्य मालकाचा गुन्हा गुलामाच्या माथी मारतं. म्हणे कळत नव्हतं! हॅरिएटच्या तीन बहिणी विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या बहिणीला, रेचेलला, मेरीलँड या गुलामगिरीच्या राज्यातून बाहेर काढायला ती कित्येक वर्षं धडपडली. रेचेलची दोन मुलं तिच्यापासून लांब ठेवलेली होती आणि त्यांना मागे टाकून ती निघायला तयार नव्हती. १८६० च्या अखेरीस हॅरिएट पुन्हा पोचली, तेव्हा रेचेल मरून गेली होती. मुलांना सोडवायला लाच द्यावी लागणार होती, तीस डॉलर. ते तिच्याकडे नव्हते. मुलं तिथंच राहिली. त्या फेरीत तिनं दुसरं एक कुटुंब आणलं. तान्हं बाळ रडू नये म्हणून त्याला अफूचं औषध पाजून. यातल्या कुणाला कळत नव्हतं, सांगा.

तिच्या बापालाही कळत होतं. १८५४ च्या नाताळात तिनं भावांना पळवलं, तेव्हा ते बापाच्या झोपडीजवळ कणसांच्या कोठारात लपले होते. म्हातारा डोळ्यांवर फडकं बांधून त्यांना निरोप द्यायला गेला. उद्या कुणी विचारलं, तर ‘मी पोरांना पाहिलं नाही’ हे खरं ठरावं म्हणून.

तिच्याबद्दल सांगितले जाणारे बाकीचे मुद्दे भरभर. ‘१९ फेऱ्या, ३०० माणसं’ हे आकडे १८६९ च्या चरित्रातले, फुगवलेले. लार्सन यांच्या हिशोबानं फेऱ्या साधारण १३, माणसं ७० च्या आसपास. त्यांतल्या कित्येकांना तिनं कॅनडात सेंट कॅथरिन्सच्या भाड्याच्या घरात आसराही दिला. ‘डोक्यावर ४०,००० डॉलरचं बक्षीस’ हेही खोटं. १८४९ ची मालकिणीची जाहिरात उपलब्ध आहे: ‘मिंटी, वय सुमारे २७’, राज्याबाहेर सापडली तर १०० डॉलर, राज्यात ५०. मिंटी म्हणजेच हॅरिएट. पळणाऱ्यांना वाट दाखवायला गोधड्यांवर गुप्त खुणा असत म्हणतात, त्याला त्या काळातला एकही पुरावा नाही.

एक मात्र कबूल करावं लागेल. हजारासारखा मोठा आकडा अगदीच हवेतला नाही. २ जून १८६३ ला, यादवी युद्धात, कॉम्बाही नदीवरच्या छाप्यात तिनं सैन्याला वाट दाखवली आणि ७०० हून जास्त माणसं सुटली. पण तिथं काय घडलं ते तिनंच सांगून ठेवलंय. बोटी दिसताच लोक किनाऱ्याकडे धावत सुटले. एका बाईच्या डोक्यावर भाताचं भांडं होतं, चुलीवरून तसंच उचललेलं, वाफा येत असलेलं.

पुतणीच्या भाषणाची पहिली ओळ मी खोडलीय. तिथं आता ते वाफाळतं भांडं आहे आणि शेवटी रेचेल. स्पर्धा शनिवारी आहे, पाठ करायला वेळ आहे.